बाबाजानचा शाईचा दगड

पहिला संशय आला तो बाईनं भाव विचारला नाही म्हणून.

शनिवार होता, काष्टीचा बाजार भरला होता. जनावरांच्या मैदानाकडून धूळ येत होती आणि त्या धुळीतून खांद्याला झोळी लावलेली एक बाई सरळ बाबाजान मिस्त्रींच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या दुकानापाशी आली, ओट्यावरच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, तिला ढोलकी नको आहे. ढोलकीच्या दुकानात येऊन ढोलकी नको. बाबाजाननी मांडीतली ढोलकी जरा जवळ ओढून घेतली.

बाईचं नाव आरती. नगरच्या एका संस्थेत कामाला. संस्था खेड्यापाड्यातल्या कलावंतांना, कारागिरांना हातभार लावते म्हणे. तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. बाबाजाननी एका माणसाला ढोलकीची पुडी करायला शिकवायची. शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला संस्था दर महिन्याला मानधन देणार. हिवाळ्यात इथंच काष्टीत कलावंतांचा मेळावा भरेल, त्यात शिकणाऱ्याच्या हातची पुडी सगळ्यांसमोर वाजेल. नीट वाजली तर पुढचं वर्षही पक्कं.

बाबाजाननी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि तुमाला काय?"

"आम्हाला काय म्हणजे?"

"ह्याच्यात तुमचं काय हाय?"

कला टिकावी, एवढंच, असं आरती म्हणाली. आता मात्र बाबाजानची खात्रीच पटली. सत्तर वर्षांत 'एवढंच' म्हणणारा माणूस तेवढ्यावर थांबलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी चहा मागवला, कारण पाहुणी होती, आणि ती कप धरते कसा, बघते कुठं, हे चहा संपेपर्यंत बघत राहिले. ती छपराला टांगलेल्या पुड्यांकडे बघत होती. मग तिनं विचारलंच. "चाचा, ही मधली काळी शाई कशाची करता हो?"

"चिंचोक्याच्या खळीची," बाबाजान पापणी न हलवता म्हणाले. आरतीनं वहीत लिहून घेतलं.

चिंचोक्याचा आणि शाईचा काही संबंध नव्हता.

ढोलकीचं खोड कुणीही सुतार कातून देईल. तिचा जीव असतो पुडीत, म्हणजे तोंडावर ताणलेल्या बकऱ्याच्या चामड्यात, आणि पुडीचा जीव असतो मधल्या त्या काळ्या टिकल्यात. लोखंडाची काळी भुकटी भाताच्या खळीत कालवायची, बोटानं पातळ थर द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटत घोटत तो वाळवायचा. वाळला की दुसरा. असे वीस-बावीस थर. शाईला केसासारख्या बारीक भेगा पडाव्या लागतात, त्याशिवाय ती बोलत नाही. पण खपली निघता कामा नये. भेग हवी आणि खपली नको, एवढ्याशा फटीत बाबाजानच्या घरानं तीन पिढ्या भाकरी खाल्ली होती.

ही विद्या बाबाजानना कुणी शिकवली नव्हती. त्यांचे अब्बा शाई कालवताना आतल्या खोलीचं दार लावून घेत. दाराला फट होती. बारा वर्षांचे बाबाजान त्या फटीला डोळा लावून किती मुठी खळ, किती चिमटी भुकटी, ते मोजत. आपल्या पोराला फटीतून दिसतं हे अब्बांना माहीत होतं की नव्हतं, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही. माहीत असावं, असाही त्यांना एक संशय आहे. मात्र स्वतःचं दुकान टाकल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते दाराची फट बुजवायचं. आणि त्याच दाराला, बाहेर कोण उभं आहे ते आतून दिसावं म्हणून, डोळ्याच्या उंचीवर एक भोक पाडलं.

असा माणूस जन्मतः होत नाही. बाबाजान पंचविशीत असताना एक प्राध्यापक आला होता. गोड बोलायचा, जमिनीवर बसून जेवायचा. आजोबांच्या हातची शिसवाची ढोलकी त्यानं प्रदर्शनासाठी मागितली, आठ दिवसांत परत देतो म्हणून चिठ्ठी लिहून दिली, खाली सही केली. आठ दिवसांचे आठ महिने झाले. बाबाजान चिठ्ठी घेऊन पुण्याला तीन खेपा घालून आले. तिसऱ्या खेपेला कळलं, प्राध्यापक बदलून गेला. ती चिठ्ठी अजून ट्रंकेत आहे. तेव्हापासून त्या घरातून उसनी म्हणून एक कडीसुद्धा बाहेर गेलेली नाही. त्याच ट्रंकेत रोज संध्याकाळी कापडात गुंडाळून घोटायचा दगड जायचा. घोड नदीतला काळा दगड, अब्बांचा आणि त्याआधी आजोबांचा. तीन माणसांच्या अंगठ्यांनी त्याला एका बाजूला खळगी पडली होती. किल्ली बाबाजानच्या कमरेला.

नंतर जे जे विचारायला आले त्यांना प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. रेडिओवाल्याला बाभळीचा डिंक. पंढरपूरकडच्या एका कारागिराला गव्हाची कणीक. आरतीला चिंचोके. कुणाला काय सांगितलं हे बाबाजानना पाठ होतं.

तरी ते संस्थेला हो म्हणाले, आणि त्याला कारण होतं त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा. गेल्या थंडीपासून तो वाकेना. दोन थर घोटले की मनगटापर्यंत कळ यायची. मुलगा परवेझ शिर्डीत हॉटेलात कामाला, तिथंच संसार, त्याला चामड्याचा वास सोसत नाही. पोरं आता मोबाईलवरून प्लॅस्टिकची पुडी मागवतात. हे सगळं चालून गेलं असतं. पण गोरक्षनाथ एक वाक्य बोलून गेले होते. गोरक्षनाथ म्हणजे लिंबाच्या बागांतल्या वस्तीवरचे भारूडवाले, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. ढोलकी घेऊन निघताना वळून म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यामागं हिला कोन?"

उत्तर नसलेला प्रश्न बाबाजानना चोरासारखा वाटायचा, घरात शिरून बसलेल्या.

संस्थेचा कागद त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला, तिघांनी एकच सांगितलं तेव्हा सही केली. शिकायला आली गोरक्षनाथांची सून, जया. तिशीची, हाडापेरानं दणकट, भारुडात सासऱ्याच्या जोडीला स्वतः ढोलकी वाजवणारी. बाबाजानच्या मनात आलं, हे बरं जमवलं. सून शिकेल, पुड्या घरी होतील, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. त्यांनी तिला चामडं भिजवायला शिकवलं, केस काढायला, पुडीच्या कडेचा गजरा विणायला, ताण द्यायची चामडी वादी ओढायला. पोरीचा हात चांगला होता. हेही त्यांना आवडलं नाही. इतक्या लवकर येतंय म्हणजे आधी कुठं शिकून आली असणार.

दोन महिन्यांनी शाईची पाळी आली.

"चाचा, खळ कशाची?" जयानं विचारलं.

"उडदाच्या पिठाची."

जयानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी घरून उडदाचं पीठ घेऊन आली. भुकटी बाबाजान स्वतः चिमटीनं काढून देत, घोटायला दुसराच एक दगड. तिच्या पहिल्या पुडीची शाई आठ दिवसांत सुटली. दुसरीची सहा दिवसांत. तिला बाबाजान म्हणायचे, हात बसंल हळूहळू. संध्याकाळी ती गेली की दार लावून, भाताची खळ घेऊन, खरी शाई स्वतः घोटायचे. एका पुडीला आता चार दिवस लागायचे.

त्याच सुमारास त्यांची बायको मुबारकबी बेलापूरला गेली. धाकटी लेक सिमरन बाळंत झाली होती, सव्वा महिना आई तिथंच राहणार होती. म्हाताऱ्याची आबाळ नको म्हणून परवेझनं बायकोला, नाझनीनला, शिर्डीहून पाठवलं. नाझनीन गुणी पोर. वेळेवर चहा, गरम भाकरी, आणि बाबाजाननी दाराआडून "खळ" म्हटलं की वाडगाभर खळ दारात.

आणि बाबाजानच्या शाईची खपली निघाली.

आधी एका भजनी मंडळाची पुडी परत आली. वापरताना आपटली असंल, असं त्यांनी मंडळालाच ऐकवलं. मग दुसरी आली. मग खुद्द गोरक्षनाथांची. त्यांनी ढोलकी ओट्यावर ठेवली, शाईवरून बोट फिरवलं आणि बोटावरचा काळा पापुद्रा बाबाजानना दाखवला. बोलले असते तर परवडलं असतं.

बाबाजान आत जाऊन बसले आणि एकेकाला डोळ्यांपुढे उभं करू लागले. भुकटी देणारा लेथवाला: त्यानं भेसळ केली असेल. श्रीगोंद्याला जाऊन त्याच्या दुकानात तासभर उभे राहिले, भुकटी जिभेवर ठेवून पाहिली. भुकटी चोख होती. चामडं देणारा: त्याच्याकडच्या कातड्याला मीठ जास्त असेल. तेही नीट निघालं. मग उरलं कोण? जी रोज दुकानात येत होती, डब्याजवळ बसत होती, आणि जिच्या पुड्या मुद्दाम बिघडवलेल्या होत्या. तिला कळलं असेल आणि तिनं सूड म्हणून भुकटीत काही टाकलं असेल.

त्यांनी भुकटीच्या डब्याच्या झाकणावरून डोक्याचा एक पांढरा केस थुंकी लावून चिकटवला. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर केस तुटलेला.

त्या दिवशी नेमकी आरती आली होती, मेळाव्याचं सांगायला. गोरक्षनाथही होते. बाबाजाननी डबा आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवला आणि केसाची हकिगत सांगितली. आवाज चढवला नाही. शेवटी जयाला म्हणाले, "काय मिसळलंस ते सांग. मी कुनाला काई म्हननार न्हाई."

आरती मध्ये काही बोलू गेली. गोरक्षनाथांनी हातानं तिला थांबवलं. ते सुनेकडे बघत होते.

जया वादी गुंडाळत होती. ती पूर्ण गुंडाळून बाजूला ठेवली, मगच बोलली. "उडदाच्या पिठाला मुंग्या लागत्यात, चाचा. माझ्या दोनी पुड्यांना लागल्या. तुमच्या शाईला एवढ्या वर्सांत मुंगी चढलेली मामांनी बघितली न्हाई, म्या बघितली न्हाई. मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं."

"मग येत का राहिलीस?"

"वाटलं, कवातरी खरं सांगाल." ती उठली. "डब्याला म्या हात लावला न्हाई. तुमच्या कुठल्याच वस्तूला लावला न्हाई. तुमी लावू कुठं देताय?"

ती गेली. मागोमाग गोरक्षनाथ ढोलकी काखेत मारून गेले. आरती मागं राहिली. मेळाव्याला पाच आठवडे आहेत, शिकणाऱ्याच्या हातची पुडी नसेल तर संस्थेतली बाकीची माणसं हे काम बंद करतील, मग तिच्या हातात काही उरणार नाही, हे तिनं साधेपणानं सांगितलं. बाबाजान तिच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांना ती खोटं बोलत नाही असा संशय आला.

रात्री जेवताना नाझनीन सहज म्हणाली, अब्बा, तुमच्या त्या काळ्या डब्यावर किती धूळ साठली होती, मी काल पुसून ठेवला.

बाबाजानचा घास हातात राहिला.

मुबारकबी बेलापूरहून आली ती पिशवीभर डिंकाचे लाडू घेऊन. चार तास एसटीत बसून आलेली बाई, पण दारात पाऊल टाकताच तिला नवऱ्याचं तोंड दिसलं आणि तिनं पिशवी खाली ठेवली. बाबाजान खपली निघालेली पुडी खरवडत बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं, लेथवाल्यापासून केसापर्यंत. जयाचं सांगताना थोडं भरभर सांगितलं.

मुबारकबीनं केसाचं ऐकून कपाळाला हात लावला नाही, हसलीही नाही. खरवडलेला पापुद्रा तिनं चिमटीत घेतला, चुरला आणि नाकाशी नेला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "नाझनीन, अब्बांना खळ कुठल्या भाताची द्यायचीस?"

"रोज ताजा भात लावत होते, अम्मी," नाझनीन ओढणी सारखी करत बाहेर आली. "वेगळा. मऊ शिजवून, गरम गरम घोटून. अब्बांना शिळं कसं द्यायचं?"

मुबारकबी तिथंच भिंतीला टेकून बसली.

"ताजा न्हाई गं द्यायचा," ती म्हणाली. "खळीला मी परवाचा द्यायची. उरलेला भात मडक्यात पान्यात घालून चुलीमागं ठेवायचा. आंबूस वास आला, तार सुटाय लागली, की कुस्करून द्यायचा."

बाबाजाननी पुडी खाली ठेवली. "मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं? खळ दे म्हनलात, दिली. मी लगीन होऊन आले तवा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं हुतं, चामड्याला ताजा भात घालायचा न्हाई, ताजा पोरांच्या पोटात. तेवढंच करत आले मी. त्यात काय इद्या हाय, हे मला काय ठावं?"

पंचेचाळीस वर्षं. दार लावून, फट बुजवून, मुठी आणि चिमट्या जपत बसले होते, आणि खरी गोष्ट त्याच दारातून रोज उघड्या वाडग्यात आत येत होती. अब्बांनाही माहीत नसणार. अब्बांच्या वेळी वाडगा अम्मी आणायची. फटीतून बघताना तो वाडगा बाबाजानना दिसला होता, पण त्याच्याकडे लक्ष द्यावं असं कधी वाटलं नव्हतं. वाडगा बायकांचा.

अर्धा तास त्यांना वाटत राहिलं की मुबारकबीला सगळं माहीत होतं आणि तिनं मुद्दाम लपवलं. ती लाडू डब्यात भरत होती. तिची पाठ बघत ते शेवटी म्हणाले, "आनि काय काय हाय, जे मी इचारलं न्हाई?"

"लई हाय," मुबारकबी मान न वळवता म्हणाली. "आधी जेवून घ्या."

तीन दिवसांनी आंबलेल्या भाताची खळ घेऊन त्यांनी चामड्याच्या तुकड्यावर रुपयाएवढी शाई घोटून पाहिली. पाच थरांवर अंगठा थांबला, पण ते पाच थर बसले ते बसले. नखानं खरवडलं तरी निघेनात. आता काय करायचं हे बाबाजानना कळलं होतं. त्यांना ते करायचं नव्हतं, म्हणून त्यांनी आणखी दोन दिवस काढले.

गिऱ्हाइकाच्या घरी बाबाजान कधी गेले नव्हते. त्या दिवशी ते रिक्षानं गोरक्षनाथांच्या वस्तीवर गेले. अंगणात लिंबांचा ढीग होता आणि जया मोठी लिंबं एका क्रेटमध्ये, बारकी दुसऱ्यात टाकत होती. गोरक्षनाथांनी बाजेवर बसायला जागा केली, चहा सांगितला. 'या' मात्र म्हणाले नाहीत.

बाबाजाननी आधी डब्याचं सांगितलं. केस नाझनीननं डबा पुसताना तुटला, जयावर आळ घेतला तो खोटा होता. मग त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते मोठ्यानं, उघड्या अंगणात सांगितलं. भात. शिळा. किती दिवसांचा, कुठं ठेवायचा, किती मुठींना किती चिमटी. सांगून झाल्यावर त्यांना फार उघडं उघडं वाटलं, जणू भर बाजारात टोपी पडली होती.

जयाचे हात थांबले नव्हते. "ह्याच्यात काय कमी सांगितलंय, चाचा?"

"काई न्हाई."

"उडदाच्या वक्ताला तुमी असंच म्हनला हुता." तिनं एक लिंबू उलटसुलट करून पाहिलं आणि बारक्यात टाकलं. "आमी परत घोटायचं, परत आठ दिसांनी खपली. मेळाव्यात चार गावांफुडं मामांच्या हातात सुटली म्हंजे?"

बाबाजान गोरक्षनाथांकडे वळले. गोरक्षनाथ चहाच्या कपात बघत होते. या माणसानं चाळीस वर्षांत एकदाही त्यांच्या पुडीवर संशय घेतला नव्हता, आणि आज घेत होता. तो संशय बाबाजानना ओळखीचा वाटला. आपल्याच घरातून निघून इथं येऊन बसलेला.

त्यांनी पिशवीत हात घातला आणि कापडाचं एक गाठोडं काढून लिंबांच्या क्रेटवर ठेवलं. गाठ सोडली.

"हा ठेव तुज्याकडं," ते म्हणाले. "तुज्या घरी कर. मी बघाया येनार न्हाई."

जयानं हात झटकले. ती दगडाकडे बघत होती, त्याला शिवली नव्हती. गोरक्षनाथांनी कप खाली ठेवला. दगड इतक्या जवळून त्यांनीही कधी पाहिला नव्हता. दुकानात कुणी आलं की बाबाजान त्यावर फडकं टाकायचे.

"चिठ्ठी लिवून देऊ का, मिस्त्री?" गोरक्षनाथांनी हळूच विचारलं.

"नको. चिठ्ठी हाय माज्याकडं एक. जुनी."

जयानं पदराला हात पुसले, दगड उचलला, फिरवला, आणि तिचा अंगठा आपोआप खळगीत जाऊन बसला. तो तिथं बसलेला बाबाजाननी पाहिला आणि रिक्षात येऊन बसले. रिक्षा निघाली तेव्हा त्यांना आठवलं, तिनं हो म्हटलंच नव्हतं.

पुढचे वीस-बावीस दिवस घरात कुणी सुखानं बसलं नाही. रोज संध्याकाळी बाबाजान सवयीनं ट्रंक उघडायचे आणि मोकळी जागा बघून बंद करायचे. जयानं शिळा भात ठेवला असेल का? ठेवला तर झाकला असेल का? का गोरक्षनाथांनी सांगितलं असेल, नाद सोड, प्लॅस्टिकची मागव? दगड हातातून पडून फुटला असेल. शेजारणीला दाखवला असेल. आरतीला दिला असेल, प्रदर्शनासाठी. हे शेवटचं मनात आलं तेव्हा ते चपला घालून निघाले, रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. बघायला येणार नाही असं बोलून बसले होते. मुबारकबी दारातून बघत होती.

मेळावा शनिवारीच ठेवला होता, म्हणजे बाजाराची माणसं येतील. शाळेच्या मैदानात मांडव. बाबाजान आणि मुबारकबी सकाळीच येऊन पहिल्या रांगेत बसले. शाहीर झाले, वासुदेव झाले, एक म्हातारी गोंधळीण संबळाच्या साथीवर गायली. जयाचा पत्ता नव्हता. आरती दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा तिनं पाण्याची बाटली दिली. बाबाजाननी ती हातात धरून ठेवली.

मग गोरक्षनाथांची मोटारसायकल आली. मागं जया, मांडीत ढोलकी. ती उतरली आणि मांडवात न जाता आधी बाबाजानकडे आली, पिशवीतून कापडाचं गाठोडं काढून त्यांच्या हातात दिलं. बाबाजाननी गाठ सोडली. अंगठा खळगीत घालून पाहिला, दगड उलटा करून पाहिला. तोच होता.

"बदलला न्हाई," जया म्हणाली.

"बघाया लागतं," बाबाजान म्हणाले.

मग तिच्याकडची ढोलकी घेऊन त्यांनी नाकाशी नेली आणि शाईचा वास घेतला. लोखंडाच्या वासाखाली, अगदी तळाशी, आंबूस काहीतरी होतं. हा वास लहानपणापासून त्यांच्या नाकात होता आणि त्यांना तो नेहमी लोखंडाचा वाटत आला होता.

गोरक्षनाथांनी ढोलकी बांधली. पहिली थाप पडली तेव्हा बाबाजान त्यांच्या बोटांकडे बघत नव्हते, शाईकडे बघत होते. आवाज टणक होता आणि तरी ओला, मांडवातून निघून जनावरांच्या बाजारावर जाईल असा. गोरक्षनाथांनी मुद्दाम शाईच्या कडेवर बोट मारलं, जिथून खपली सुटते तिथंच. मग परत. मग जोरात. मधेच वाजवता वाजवता बोटाचं टोक डोळ्यांजवळ नेलं, पाहिलं, आणि ते कोरं बोट बाबाजानच्या दिशेनं हवेत धरलं. एवढंच. पुढचं भारूड अर्धा तास चाललं. बाबाजानना त्यातला एक शब्द ऐकू आला नाही.

नंतर मांडवामागं आरती वही घेऊन आली. पुढच्या वर्षाचं पक्कं झालं होतं, तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. संस्थेचं एक छोटं पुस्तक निघणार होतं, कारागिरांच्या कामाबद्दल. ती जयाजवळ बसली आणि म्हणाली, "आता तू सांग. ही शाई बसली कशी? खळ कशाची?"

जयानं बाबाजानकडे पाहिलं नाही. मुबारकबीकडेही नाही. ढोलकीची वादी सैल करता करता म्हणाली, "उडदाच्या पिठाची."

बाबाजान जमिनीकडे बघू लागले.

आरतीचं पेन थांबलं. तिनं वहीची मागची पानं चाळली. "चाचा, पहिल्या भेटीत तुम्ही मला चिंचोके सांगितले होते."

मुबारकबीनं पदर तोंडावर घेतला.

"ते उन्हाळ्यात," बाबाजान म्हणाले.

"आनि उडीद हिवाळ्यात," जया म्हणाली.

आरतीनं एकदा बाबाजानकडे, एकदा जयाकडे पाहिलं. मग खाली मान घालून तिनं दोन्ही लिहून घेतलं, एकाखाली एक. बाबाजाननी दगड कापडात गुंडाळला, गाठ मारली आणि तो ट्रंकेत ठेवायला घरी न नेता जयाच्या पिशवीत टाकला.

"सोमवारी घेऊन ये," ते म्हणाले. "झाकून."